कॉम्बी बॉयलरचा दाब चार दिवसांत १.३ वरून ०.४ वर. पाणी जातंय कुठे?

थंडोबा_क्रॉयडन
नमस्कार मंडळी. पाल्हाळ न लावता आकडेच देतो.

दक्षिण लंडन, सेमी-डिटॅच्ड घर, तळमजल्यावर स्वयंपाकघरात ३० किलोवॅटचा कॉम्बी (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा बॉयलर), वय ९ वर्षं. एकूण ९ रेडिएटर, त्यात एक टॉवेल रेल.
गार असताना दाब १.३ बार. तासभर हीटिंग चाललं की २.८ ते २.९. परत गार झाला की १.१ च्या आसपास, म्हणजे सुरुवातीपेक्षा कमीच. असं करत चौथ्या दिवशी ०.४ आणि पडद्यावर कमी दाबाचा कोड. फिलिंग लूप (मुख्य लाइनचं पाणी हीटिंगमध्ये भरायची जोडणी) उघडून पुन्हा १.३, की चार दिवस सुखाचे.

छताला डाग नाही, गालिचा ओला नाही, बॉयलरखाली थेंब नाही. पाणी जातं कुठे? आणि हे असं किती दिवस भरत राहिलं तर चालतं?

नळराज
तुमच्या पोस्टमध्ये ०.४ पेक्षा २.९ महत्त्वाचा आहे. दाब उतरतो म्हणून सगळे खालचा आकडा बघतात, पण आजार वरच्या आकड्यात दिसतो.

पाणी तापलं की फुगतं. १५ अंशांवरून सरासरी ६० अंशांवर गेलं तर सुमारे १.६ टक्के. तुमच्या ९ रेडिएटरांत, पाइपांत मिळून ९० लिटर धरा. म्हणजे जवळपास दीड लिटर जास्तीचं पाणी. त्याला जागा हवी म्हणून बॉयलरमध्ये एक चपटा डबा असतो, एक्स्पान्शन व्हेसल. बहुतेक कॉम्बीत ८ ते १० लिटरचा. मध्ये रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. हवा दबते आणि फुगलेलं पाणी सामावून घेते. ही हवा वर्षानुवर्षं हळूहळू निसटते. हवा गेली की दीड लिटर पाण्याला जागाच राहत नाही, काटा ३ बारला भिडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून थोडं पाणी घराबाहेर टाकतो. गार झाल्यावर तेवढं पाणी कमी, म्हणून दाब कमी.

घरात ओल नाही कारण पाणी घरात पडतच नाहीये. बॉयलरच्या मागच्या भिंतीबाहेर १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप निघालेला असेल, टोक भिंतीकडे वळवलेलं. तिथे जाऊन बघा.

गारठलेली_गार्गी
म्हणजे कुकरची शिट्टी झाली की ही. डाळ बाहेर आणि भात कोरडा.

नळराज
गार्गीताई, शिट्टी म्हणण्यापेक्षा कुकरच्या झाकणातला तो वितळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणा. शिट्टी रोज वाजावी अशीच बनवलेली असते. हा व्हॉल्व्ह रोज उघडण्यासाठी नाही. दोनचार वेळा उघडला की त्याच्या बैठकीवर गाळाचा कण अडकतो आणि मग तो १ बारलासुद्धा थेंब थेंब सोडत राहतो.

मिल्टन_केन्सचा_मावळा
थंडोबा, पिशवीची युक्ती करा. त्या बाहेरच्या पाइपाच्या टोकाला साधी प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने सैलसर बांधा. एक रात्र, एक दिवस. पिशवीत पाणी आलं तर निम्मा तपास संपला. बूच मात्र मारू नका, तो पाइप मोकळाच राहिला पाहिजे.

उगाच_शंका
पाऊस पडला आणि पिशवीत गेला तर? हा देश इंग्लंड आहे.

मिल्टन_केन्सचा_मावळा
@उगाच_शंका, टोक खाली असतं हो. पाऊस वरून पडतो. निदान आमच्याकडे तरी.

रेडिंगकर
नळराज यांचं निदान बहुतेक बरोबर असेल, पण एक गोष्ट आधी वगळा. फिलिंग लूपची वेणीची नळी अजून जोडलेलीच आहे का? तिचा एखादा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर मुख्य लाइनचं पाणी आत झिरपत राहतं, दाब वर जातो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पुढची सगळी लक्षणं अगदी अशीच दिसतात.

ओळखायचं असं: रात्री हीटिंग बंद, बॉयलर गार. झोपताना काटा बघा, सकाळी बघा. रात्रभरात *चढला* तर लूप. उतरला किंवा तिथेच राहिला तर लूप निर्दोष. नाहीतरी भरून झाल्यावर ती नळी काढून ठेवायची असते. इंग्लंड आणि वेल्सच्या १९९९ च्या वॉटर फिटिंग्ज नियमांनुसार ती जोडणी तात्पुरतीच हवी, कारण हीटिंगचं काळं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये उलटं जाता कामा नये. बॉयलरच्या पोटातच चावीचा किंवा खटक्याचा लूप असेल तर अर्थातच नळी नसते.

तांब्याचा_बंब
एवढं रामायण कशाला, २ बार भरून ठेवायचं. चार दिवसांचे आठ दिवस होतात.

नळराज
बंबराव, हाच सल्ला सगळ्यांत जास्त दिला जातो आणि हाच सगळ्यांत चुकीचा आहे. हिशेब मांडतो.

व्हेसल ८ लिटरची, आत हवा १ बार भरलेली, म्हणजे एकूण दाब २ (काट्यावरच्या आकड्यात वातावरणाचा १ मिळवायचा). दाब गुणिले हवेचं आकारमान = १६, हे कायम.
गार असताना १.२ भरलं: एकूण २.२, हवेला उरली ७.३ लिटर जागा. तापल्यावर दीड लिटर पाणी आत आलं, उरली ५.८. १६ भागिले ५.८ म्हणजे २.८ च्या आत, काट्यावर जवळपास १.८. ठणठणीत.
आता गार असतानाच २ भरलं: एकूण ३, हवेला ५.३ लिटर. त्यातून दीड गेले, ३.८. १६ भागिले ३.८ म्हणजे ४.२, काट्यावर ३.२. सेफ्टी व्हॉल्व्ह ३ ला उघडतो!

म्हणजे व्हेसल *चांगली* असूनही तुम्ही स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह उघडायला लावलात. दोन मजली घराला गार असताना १ ते १.५ पुरे.

तांब्याचा_बंब
शब्द मागे घेतला. तरी खऱ्या बंबाला यातलं काहीही लागत नाही हे नोंदवून ठेवतो. वर ओतलं की खालून निघतं.

अडगुळं_मडगुळं
बंबाला तोंड उघडं असतं म्हणून. उघड्या भांड्यात दाब साठत नाही. हाच फरक आहे सगळा.

लेस्टरची_लता
रेडिंगकरांच्या रात्रीच्या चाचणीला जोडून दुसरी सांगते. गळती बॉयलरमध्ये की घरातल्या पाइपांमध्ये, हे एका रात्रीत कळतं.

बॉयलर बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. खाली चार-पाच पाइप बाहेर येतात, त्यातले हीटिंगचे जाणारा आणि येणारा हे दोन जाड, साधारण २२ मिलिमीटरचे. दोन्हींवर पाव फेऱ्याचे व्हॉल्व्ह असतात. खाच पाइपाला आडवी झाली की बंद. काटा लिहून ठेवा.
सकाळी काटा उतरलेला असेल तर दोष बॉयलरच्या आत: सेफ्टी व्हॉल्व्ह, हीट एक्स्चेंजर (जिथे ज्योतीची उष्णता पाण्याला मिळते), हवेचा ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह, एखादी ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी).
काटा तिथेच, पण व्हॉल्व्ह उघडताक्षणी खाली आला तर पाणी घरातल्या पाइपांतून किंवा रेडिएटरांतून जातंय.
दोन्ही उघडल्याशिवाय बॉयलर पुन्हा चालू करू नका. आणि हे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवलेले नसतात, फिरवल्यावर दांड्यातूनच ठिबकू शकतात. खाली टिश्यू ठेवा आणि जोर लावू नका.

कोल्हापुरी_रस्सा
भावा, टिश्यूचं लई भारी आहे. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही व्हॉल्व्हच्या बुडाशी एकेक टिश्यू गुंडाळून ठेव. गरम पाइपावर थेंब पडायच्या आधीच वाळतो, म्हणून डोळ्याला दिसत नाही. पण डाग राहतो. पितळेवर हिरवट-पांढरी खपली किंवा रंगावर तांबूस ओघळ दिसला की तिथंच पाणी मुरतंय समज.

थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं डोकं काढलं की खाली सुई असते, तिच्या बाजूनं झिरपतं. लॉकशील्डला (रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाच्या व्हॉल्व्हला) दांड्याभोवती ग्लँड नट असतो. तो पान्यानं आठवा हिस्सा फिरवायचा, जास्त नाही. नाही थांबलं तर त्या बाजूचं पाणी बंद करून, नट वर सरकवून, टेफ्लॉन टेपचा पीळ दांड्याभोवती दोन-तीन वेढे देऊन बसवायचा.

गारठलेली_गार्गी
टॉवेल रेलकडे विशेष लक्ष. न्हाणीघरात आधीच ओल असते, त्यामुळे तिथली गळती वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

स्टुटगार्टचा_सदू
जर्मनीतून भर घालतो. इथे बऱ्याच इमारतींत बॉयलर तळघरात, सगळ्यांचा मिळून एक. तिथे भाडेकरूने हात लावायचा नसतो, हाउसमाइस्टरला (इमारतीची देखभाल करणाऱ्याला) कळवायचं. पण मजल्यावर स्वतंत्र गॅस थेर्मे (भिंतीवरचा छोटा बॉयलर) असेल तर पाणी बागेच्या नळीसारख्या नळीने भरावं लागतं. त्यात एक चूक सर्रास होते: कोरडी नळी जोडून नळ सोडतात आणि नळीतली सगळी हवा रेडिएटरमध्ये ढकलतात. आधी नळी नळाला लावा, पाण्याने काठोकाठ भरा, दुसऱ्या टोकातून पाणी यायला लागलं की तसंच बॉयलरच्या कॉकला जोडा. भरून झालं की नळी काढा.

व्हेसलमध्ये हवा किती, याचा आमच्याकडचा ठोकताळा: सर्वांत वरचा रेडिएटर व्हेसलपेक्षा किती मीटर उंच, भागिले १०, अधिक ०.३. म्हणजे ५ मीटर उंच असेल तर ०.८ बार.

जर्सी_सिटीचे_काका
अमेरिकेत हाच खेळ पीएसआयमध्ये. दोन मजली घराला गार असताना १२ पीएसआय, रिलीफ व्हॉल्व्ह ३० ला. (१ बार म्हणजे १४.५ पीएसआय, भागाकार करून बघा, सुमारे ०.८ आणि २.१ बार येतात, तुमच्यापेक्षा कमीच.) दुसरा फरक असा की इकडे भरणारा रेग्युलेटर कायम जोडलेला असतो, दाब उतरला की आपोआप पाणी घेतो. सोय वाटते, पण गळती वर्षानुवर्षं लपते. ताजं पाणी येत राहतं, त्याबरोबर प्राणवायू, आणि ओतीव लोखंडाचा बॉयलर आतून कुजत जातो. शंका असेल तर भरण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह दोन-तीन दिवस बंद ठेवून रोज गेज बघा. दाब फारच उतरला तर तेवढ्या वेळ बॉयलरही बंद ठेवा.

थंडोबा_क्रॉयडन
सगळ्यांचे आभार. निकाल:
१. फिलिंग लूप काढूनच ठेवलेला आहे. रात्रभर काटा चढत नाही.
२. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून १० तास: १.३ वरून १.२.
३. पिशवीत सुमारे दोन पेले पाणी, किंचित करडं.
४. टिश्यू १८ पैकी १८ कोरडे.

मग सायकलचा पंप घेऊन लागू का कामाला?

नळराज
पिशवीतलं पाणी करडं, म्हणजे ते हीटिंगचंच. निदान पक्कं: व्हेसलची हवा गेली आहे *आणि* सेफ्टी व्हॉल्व्ह आता बसत नाही. ही जोडी आहे. एकच दुरुस्त केलं तर महिन्याभरात परत इथेच याल.

हवा भरण्याची पद्धत, क्रम महत्त्वाचा:

बॉयलरची वीज बंद, पूर्ण गार. लताताईंनी सांगितलेले दोन्ही व्हॉल्व्ह बंद. बॉयलरच्या बाजूचं पाणी ड्रेन पॉइंटला नळी लावून बादलीत सोडा, काटा ० होईपर्यंत. ड्रेन उघडाच ठेवा. आता व्हेसलवरचं काळं टोपण काढा, खाली मोटारीच्या टायरसारखा व्हॉल्व्ह दिसेल (आपल्या जुन्या सायकलीच्या ट्यूबचा नव्हे, स्कूटर-मोटारीचा). टायरचं गेज लावा. तुमच्या केसमध्ये शून्य किंवा जवळपास शून्य दाखवेल. पंपाने भरत जा. आत साचलेलं पाणी ड्रेनमधून बाहेर येईल. पाणी यायचं थांबलं आणि गेज ०.७५ ते १.० च्या मध्ये स्थिरावलं की थांबा. नेमका आकडा बॉयलरच्या पुस्तिकेत असतो, तोच धरा. ड्रेन बंद, व्हॉल्व्ह उघडा, १.२ पर्यंत पाणी भरा, बॉयलरमधली हवा काढा, परत १.२.

सगळ्यांत मोठी चूक: पाण्याचा दाब असतानाच गेज लावणं. तेव्हा गेज व्हेसलची हवा दाखवत नाही, पाण्याचाच दाब दाखवतं. १.३ दिसतो आणि माणूस म्हणतो "हवा तर आहे की!"

टायरच्या व्हॉल्व्हची सुई दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटला. मग पंप ठेवून द्या, व्हेसल बदलायची.

रेडिंगकर
थांबा थांबा. पंप लावण्याआधी एक वाक्य मोठ्याने वाचा: पुढचं झाकण काढायचं नाही. बऱ्याच आधुनिक बॉयलरांत ते झाकण म्हणजे नुसतं शोभेचं पत्र्याचं कव्हर नसतं, ज्वलनाची हवा आणि धूर घरापासून वेगळा ठेवणारं सील असतं. ते चुकीचं बसलं तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत. व्हेसलचा व्हॉल्व्ह झाकण न काढता हाताला लागत असेल तरच घरी करा. नाहीतर गॅस सेफ नोंदणीचा इंजिनिअर, ओळखपत्र बघून. (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी २००९ पासून ब्रिटनमध्ये गॅस सेफ आहे, आधीची कॉर्गी नाही. जुनी कार्डं दाखवणाऱ्याला नमस्कार करा.) सेफ्टी व्हॉल्व्ह बहुतेक मॉडेलांत झाकणाच्या आतच असतो, तेव्हा ते काम त्यालाच सांगा आणि हवाही त्याच फेरीत भरून घ्या.

उगाच_शंका
मग एवढी मोठी कृती लिहिली कशाला?

रेडिंगकर
इंजिनिअर समोर काम करत असताना त्याने ड्रेन उघडा ठेवला की नाही, हे कळावं म्हणून! निम्मे लोक ड्रेन न उघडता पंप मारतात आणि "हवा भरली" म्हणून निघून जातात.

लेस्टरची_लता
+१. आणखी एक: बऱ्याच कॉम्बींत व्हेसल बॉयलरच्या पाठीमागे, भिंतीला चिकटून असते. ती बदलायची तर अख्खा बॉयलर उतरवावा लागतो. पडदा फाटला असेल तर शहाणा इंजिनिअर जुनी तशीच सोडतो आणि परतीच्या पाइपावर बाहेरून १२ लिटरची वेगळी व्हेसल बसवतो. चालतं, उलट जागा जास्त मिळते. फक्त ती आणि बॉयलर यांच्यामध्ये चुकून बंद करता येईल असा व्हॉल्व्ह नको.

कोल्हापुरी_रस्सा
बाटलीतलं लीक सीलर ओतलं की झालं, असं कुणीतरी म्हणेलच आता.

स्वस्तात_मस्त
मी म्हणणारच होतो. ओतलं की झालं ना? पाइपांचं भोक आतून बुजतं.

नळराज
व्हेसलमधली हवा बाटलीतून येत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हची गळती त्याने बुजलीच, तर उघडायचा व्हॉल्व्ह चिकटून बसेल, ते त्याहून वाईट. शिवाय ते घट्ट द्रव्य प्लेट हीट एक्स्चेंजरच्या अरुंद फटींत साचू शकतं आणि काही उत्पादक त्यावर हमी नाकारतात.

अडगुळं_मडगुळं
नळराज, सरसकट नको. काँक्रीटच्या जमिनीत पुरलेल्या पाइपाला दिवसाला काही थेंब जात असतील, बाकी सगळं तपासून झालं असेल, तर जमीन फोडण्याआधी एकदा सीलर वापरून बघणं गैर नाही. फक्त ते शेवटचं पाऊल आहे, पहिलं नाही. जास्त पाणी जात असेल तर काहीही उपयोग नाही.

नळराज
एवढं मान्य. "बाकी सगळं तपासून झालं असेल तर" याखाली दोन रेघा ओढा.

मिल्टन_केन्सचा_मावळा
जमिनीखालचा विषय निघालाच आहे तर. साठ-सत्तरच्या दशकातल्या घरांत तळमजल्याचे तांब्याचे पाइप कधीकधी गुंडाळी न करता थेट काँक्रीटमध्ये पुरलेले असतात आणि बाहेरून कुजतात. ओळख: हीटिंग चालू असताना जमिनीचा एकच पट्टा विनाकारण गरम. मांजर पाळलं असेल तर ते तिथे आधीच बसलेलं असतं. फोडाफोड न करता शोधायचं तर थर्मल कॅमेरा, किंवा पाइप रिकामे करून त्यात ५ टक्के हायड्रोजन, ९५ टक्के नायट्रोजन असा वायू भरून वरून सेन्सर फिरवतात. घराच्या विम्याच्या कागदांत "ट्रेस अँड अॅक्सेस" हे कलम आहे का बघा. गळती शोधण्याचा आणि जमीन उघडून पूर्ववत करण्याचा खर्च त्यात येतो, पाइपाची दुरुस्ती बहुधा नाही.

गारठलेली_गार्गी
पिशवी कोरडी, टिश्यू कोरडे, जमीन गार, तरी दाब उतरतोय, असं झालं तर?

नळराज
मग कंडेन्सेटचा पाइप. बॉयलरखालून सिंकच्या गटाराकडे जाणारा पांढरा प्लॅस्टिकचा. बॉयलर चालू असताना त्यातून पाणी येणं साहजिकच, धुरातली वाफ थंड होऊन तिथून जाते. पण बॉयलर तासभर बंद आहे, गरम पाण्याचा नळही कुणी उघडलेला नाही, आणि तरी ठिबकतंय? मुख्य हीट एक्स्चेंजरला चीर गेली आहे. ही सगळ्यांत महाग शक्यता. जुन्या बॉयलरला ती निघाली तर दुरुस्ती की नवा, हा हिशेब करावा लागतो.

नळाचं पाणी तापवणारा प्लेट हीट एक्स्चेंजर आतून फुटला तर मात्र दाब बहुधा *वाढतो*, कारण मुख्य लाइनचा दाब हीटिंगपेक्षा जास्त असतो. सगळे दोष एकाच दिशेने ढकलत नाहीत, म्हणून काटा चढतो की उतरतो आणि कधी, हे आधी लिहून काढा.

भाडेकरू_नं_१
मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे. आठवड्यातून एकदा भरतो. हे सगळं मी करायचं?

रेडिंगकर
नाही. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ नुसार हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती घरमालकाची. तुम्ही लूपने दाब भरा, तेवढं करायला हरकत नाही, पण तारीख आणि दोन्ही आकडे लिहून, काट्याचा फोटो काढून ईमेलने कळवा. फोनवर बोलून सोडू नका. "दर ७ दिवसांनी १.३ वरून ०.५" हे वाक्य "बॉयलर बिघडलाय" पेक्षा लवकर काम करून घेतं. आणि किती वेळा भरलं तर चालतं, तर वर्षातून एक-दोनदा भरावं लागणं ठीक, महिन्याला भरावं लागलं तर शोध घ्यायचा, आठवड्याला म्हणजे नक्की दोष.

पुणेरी_पाटी
पुण्यात बसून वाचतोय. आमच्या बाथरूमच्या गीझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात. हेच का ते?

अडगुळं_मडगुळं
तत्त्व तेच. साठवणीच्या गीझरमध्ये गार पाण्याच्या तोंडाशी जो व्हॉल्व्ह असतो तो पाणी उलटं जाऊ देत नाही आणि जास्तीचा दाब बाहेर सोडतो. तापताना काही थेंब पडणं अपेक्षित आहे, पाणी फुगतंय. नळी लावून ते मोरीत सोडा. गीझर बंद असतानाही सतत धार असेल तर व्हॉल्व्ह बदला. त्याला बूच मारणं किंवा काढून साधा नळाचा जोड लावणं, हे मात्र कधीही नाही. पाटीवर लिहून लावा.

पुणेरी_पाटी
लावली. खाली "सूचना पाळाव्यात" असंही लिहिलंय.

थंडोबा_क्रॉयडन
अद्ययावत आकडे. इंजिनिअर येऊन गेला. व्हेसलमध्ये ०.१ निघाली, पडदा शाबूत (सुई दाबल्यावर कोरडी हवा). १.० भरली, ड्रेन उघडा ठेवून, मी बघितलं! सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला. जुन्याच्या रबरावर काळ्या गाळाचा थर होता.
आता गार १.२, तापल्यावर १.८. सहा दिवस झाले, १.२ च आहे. नळराज, तुमचा १.८ काट्यावर अगदी तिथेच आला.

नळराज
वा. काळा गाळ म्हणालात म्हणून शेवटचं काम. चार-चार दिवसांनी भरलेल्या ताज्या पाण्याने इनहिबिटर (हीटिंगच्या पाण्यात मिसळायचं गंजरोधक द्रव्य) पातळ झालं आहे. लोखंड गंजून तो काळा मॅग्नेटाइट बनतो आणि सोबत हायड्रोजन सुटतो, जो वरच्या रेडिएटरात हवा म्हणून साठतो. (रेडिएटरची हवा काढताना काडी पेटवून "परीक्षा" घेण्याचा व्हिडिओ बघितला असेल तर विसरा.) साधारण १०० लिटरला इनहिबिटरची १ लिटरची बाटली पुरते, घट्ट प्रकार असेल तर अर्ध्या लिटरची, बाटलीवरचं प्रमाण वाचा. चुंबकी फिल्टर बसवलेला असेल तर त्यातूनच ओतता येतं, आणि त्याच वेळी फिल्टर धुऊन घ्या. ब्रिटिश मानक बीएस ७५९३ च्या २०१९ च्या आवृत्तीत वर्षातून एकदा तपासणी आणि पाच वर्षांनी नवं इनहिबिटर असं सांगितलं आहे.

थंडोबा_क्रॉयडन
बाटली आणली. मधल्या मजल्यावरच्या रेडिएटरमधून की टॉवेल रेलमधून?

कोल्हापुरी_रस्सा
टॉवेल रेलचं वरचं टोपण काढून ओत, भावा. आधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून वरचं थोडं पाणी काढ, नाहीतर इनहिबिटर न्हाणीघरात आणि तू बादली शोधत. मग हवा काढ, दाब बघ, तासभर पंप चालू दे.

उगाच_शंका
आमच्या बॉयलरला काटाच नाही. कुठे बघू?

लेस्टरची_लता
माळ्यावर. कॉम्बी नसून जुनी उघडी पद्धत असेल तर तिथे दोन टाक्या असतात, मोठी नळाच्या पाण्याची आणि छोटी हीटिंगची. छोटीत बॉलकॉक असतो, पाणी फुगलं की त्या टाकीत येतं, म्हणून दाब, काटा, व्हेसल यातलं काही नाही. गार असताना छोट्या टाकीत पाणी तळापासून हातभर नव्हे, चार-पाच इंचच असायला हवं, बॉल पाण्यावर तरंगता. टाकी कोरडी आणि बॉल वर अडकलेला असेल तर वरचे रेडिएटर गार पडतात. बॉल हाताने हलवून बघा, बहुधा चुन्याने चिकटलेला असतो.